सामनेवाला क्रमांक एक

दाव्यात लिहिलंय: अर्जदार, वय चौतीस, धंदा टर्नर.
सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी
एक्सलो पॉइंटच्या वळणावर
सामनेवाला क्रमांक एक याने टेम्पो भरधाव, हयगयीने व निष्काळजीपणे…
पुढचं वाचवत नाही. कोठावदे वकील म्हणतात, वाचूही नका,
प्रत्येक पानावर सही तेवढी करा.

सामनेवाला क्रमांक एक म्हणजे पुंजाराम गांगुर्डे.
कोथिंबिरीचा टेम्पो, स्वतःचाच.
त्यानंच मला उचललं, जुड्यांवर आडवं घातलं,
सिव्हिलपर्यंत दोनदा गाडी थांबवून मागं आला,
ताडपत्री वर करून विचारलं,
आहे ना रे भाऊ? आहे ना?
कोथिंबिरीचा वास आला की अजून माझा डावा पाय थरथरतो.
हे कुठल्या सदरात टाकायचं, मी विचारलं.
कोठावदे म्हणाले, याला सदर नाही.

अंबडला सोळा वर्षं मी मापात काढली.
शतांशाचा फरक आधी अंगठ्याला कळायचा,
मायक्रोमीटरला नंतर.
टॉलरन्सबाहेरचा जॉब लाल पेटीत. हळहळ नाही.
बोर्डाच्या डॉक्टरांनी टेप लावला कमरेपासून घोट्यापर्यंत,
पुन्हा एकदा लावला, आणि लिहिलं:
आखूड, साडेतीन सेंटिमीटर. कायम अपंगत्व बेचाळीस टक्के.
साडेतीन सेंटिमीटर!
एवढ्या चुकीला आमच्याकडे आख्खी शिफ्ट घरी पाठवतात.

पगार गुणिले बारा गुणिले सोळा.
चौतीस वयाला सोळानं गुणतात, तसा तक्ताच आहे.
म्हणजे जेवढी वर्षं मशीनवर उभा राहिलो
तेवढीच अजून उरली होती, असं धरायचं.

उलटतपासणीला विमा कंपनीच्या वकीलबाई. आवाज गोड.
हेल्मेट होतं? होतं.
पट्टा लावलेला? लावलेला.
आज कोर्टात कसे आलात?
सीबीएसपर्यंत रिक्षा, पुढं चालत.
आणि वर?
जिन्यानं. लिफ्ट बंद आहे.
नोंद घ्यावी, अर्जदार दोन मजले चढून आला.
नोंद झाली.
कठडा कसा धरला, पहिल्या मजल्यावर
भिंतीला टेकून किती वेळ उभा होतो, ते कोणी विचारलं नाही.
आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मला बजावलेलं.

एक्स-रेत मांडीचं हाड, त्यात रॉड, चार स्क्रू.
आटे बघितले मी. चांगल्या हातानं कापलेत.
मांडी मोडली म्हणजे काय मोडलं, ते फोटोत येत नाही.
ईश्वरीला झोप आली की ती सवयीनं माझ्याकडेच येते.
मी खुर्चीत, पाय लांब.
जरा वेळ उभी राहते, डोळे चोळत,
मग आईकडे जाते.

साहेब जेवायला उठले तेव्हा पुंजाराम दोन चहा घेऊन वर आला.
म्हणाला, लायसन संपलेलं होतं रे दोन महिने आधी.
माझ्या लक्षातच नाही.
कंपनी म्हणते, पैसे आधी तुला देऊ,
मग याच्याकडून वसूल करू.
म्हणजे तू जिंकलास तर…
चहा पिऊन झाला तरी त्यानं वाक्य पुरं केलं नाही.
मीही नाही.
टेम्पो विकलाय त्यानं. आता दुसऱ्याचा चालवतो, रोजावर.
किती मिळतील म्हणतात? त्यानं विचारलं,
जसं पावसाळ्यात भाव विचारावा तसं.
मी आकडा सांगितला.
चांगलंय, तो म्हणाला. खरंच म्हणाला.

पुढची तारीख एकोणीस.
जिन्याच्या तोंडाशी त्यानं खांदा पुढं केला.
मी आधी मागं वळून पाहिलं,
वकीलबाई बघत नाहीत ना.
मग धरला.